लग्नं की कारखाने? पुण्यात कॅमेऱ्यावर पोट भरायचं तर

नोकरी सोडून फोटोग्राफीत यायचं म्हणणारी मुलं मला आधी कॅमेऱ्याचं विचारतात. सोनी घेऊ की कॅनन? मी उलट विचारतो, काम कोणाचं करणार? लग्नघरांचं की भोसरी-चाकणच्या कंपन्यांचं? मी दोन्ही केलंय.

लग्नात पैसा लवकर दिसतो. तारीख धरली की ॲडव्हान्स, अल्बम देताना बाकी. पण हंगाम तुळशीच्या लग्नानंतरचा. मध्ये पौष कोरडा जातो आणि आषाढापासून चातुर्मासभर फारसं काही नसतं. त्या महिन्यांचं घरभाडं मेमध्येच बाजूला काढावं लागतं. शिवाय इथे ‘परत एकदा’ म्हणता येत नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट सर्रकन बाजूला होतो, अक्षता उडतात, मागे मामा, पुढे मोबाइल धरलेले दहा हात. हार घालताना नवरीची नजर वर जाते ती जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात मेमरी कार्डानं दगा दिला तर काय तोंड दाखवणार? म्हणून दोन कार्डांचा कॅमेराच घ्या आणि दोन्हींवर एकदम सेव्ह होऊ द्या.

कंपनीच्या कामात घाई कमी, चिकाटी जास्त. पॉलिश केलेला गिअर टेबलावर ठेवून बघा. त्यात तुम्ही दिसता, छताची ट्यूब दिसते. मग दोन्ही बाजूंना बटर पेपर ताणायचा, त्यामागून लाइट द्यायचा, दातांची कड उठावी म्हणून शेजारी काळ्या कार्डाची पट्टी उभी करायची. बोटांचे ठसे नकोत म्हणून हातमोजे. एका फोटोला कधी दोन तास जातात. ते दोन तास मला फार प्रिय आहेत. तुम्हाला कंटाळा आला, तर या वाटेला जाऊ नका.

इथले पैसे मात्र उशिरा येतात. पीओ, म्हणजे कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर, हातात आल्याशिवाय सुरुवात करू नका. एका कंपनीत माझं बिल पाच महिने पडून होतं, कारण माझी उद्यम नोंदणीच, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नव्हती आणि मागायला जोर नव्हता. ही नोंदणी मोफत होते. नोंदणी असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजही.

हक्कांचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकच. पोर्टफोलिओत वापरायची परवानगी बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या. लग्नघरं सहसा देतात, कंपन्या नव्या मॉडेलच्या फोटोंना हात लावू देत नाहीत.

ड्रोनचं वचन देण्याआधी तो कुठे उडवता येतो याचा सरकारी नकाशा तपासा, लोहगावच्या हवाई तळामुळे शहरात निर्बंध आहेत.

डोक्यावर हप्ते असतील तर लग्नं घ्या, दोन हंगाम कोणाच्या तरी हाताखाली सेकंड शूटर, म्हणजे दुसरा फोटोग्राफर, म्हणून. नसतील तर माझा कल कंपन्यांकडे आहे. सुटे भाग बनवणाऱ्या या शहरात कॅटलॉग सतत लागतात आणि एकदा वेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला नंबर, मिळाला की तेच लोक पुन्हा बोलावतात. पौष रिकामा असेल तेव्हा भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमधून चार पार्ट मागून आणा आणि घरच्या टेबलावर बटर पेपर ताणून बघा.