एएसी ब्लॉकच्या घरात सोळा महिने: भिंत पास, खिडकीनं दमवलं

घर बांधायला घेतलं तेव्हा आमच्याकडे जवळपास सहा महिने एकाच विषयावर बोलणं चाललं होतं: लाल वीट की एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा. खिडक्या कुठल्या दिशेला येणार, हे मात्र अर्ध्या तासात ठरलं. आता राहायला येऊन सोळा महिने झाले, दोन उन्हाळे निघाले, आणि मनापासून सांगते, हा वेळ आम्ही उलटा वाटायला हवा होता.

काय बांधलंय ते आधी सांगते. बाहेरच्या भिंती 200 मिमीच्या ब्लॉकच्या, आतल्या 100 मिमीच्या. खिडक्या दुहेरी काचेच्या, फ्रेमला रबरी पट्ट्या. गच्चीवर पांढरं परावर्तक कोटिंग. त्या कोटिंगबद्दल एवढंच की त्याचा फरक पहिल्याच आठवड्यात कळला, पण धूळ बसली की पांढऱ्याचं राखाडी होतं आणि गुण कमी होतो. वर्षातून दोन-तीनदा गच्ची घासून धुवावी लागते.

भिंतीचं कौतुक खरं आहे. आधीच्या विटांच्या घरात उन्हाळ्यात रात्री अकरालाही पश्चिमेची भिंत हाताला कोमट लागायची. पलंग तिच्यापासून हातभर लांब ओढून ठेवायचो. इथे त्याच वेळेला त्याच दिशेच्या भिंतीवर तळहात टेकवला तर ती खोलीतल्या हवेइतकीच लागते. कारण सरळ आहे, ब्लॉकचं बरंचसं आकारमान म्हणजे हवाच. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा फ्लाय अ‍ॅशच्या पातळ मिश्रणात थोडीशी अ‍ॅल्युमिनियमची पूड टाकली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मिश्रण फुगतं. मग कापून, वाफेच्या दाबाखाली साधारण 180-190 अंशांवर ते पक्कं करतात. हायड्रोजन निघून जातो, बुडबुड्यांची जागा हवा घेते. 600 × 200 × 200 मिमीचा ब्लॉक वाळल्यावर जेमतेम 14-15 किलो भरतो, आणि उष्णता विटेच्या साधारण पावपटच वाहून नेतो. लोक याला नवीन तंत्र म्हणतात, पण स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन यांनी ते 1920 च्या दशकात विकसित केलं आणि 1929 पासून ते कारखान्यात बनतंय. वस्तू शंभरीच्या घरात आलेली आहे.

भेगांचं सांगायलाच हवं, कारण ब्लॉक घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तीच भीती असते. पहिल्याच उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून केसासारखी एक तिरकी रेघ निघाली. महिन्याभरात कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर उभी भेग दिसली, ओळंबा धरून आखल्यासारखी. दोष ब्लॉकचा नव्हता. विटेच्या कामाला हात बसलेला गवंडी ब्लॉकलाही विटेसारखंच वागवतो. पाइप लावून चिंब भिजवायचा आणि जाड मालात बसवायचा. ब्लॉक भरपूर पाणी पितो, मग महिनोन्‌महिने वाळत राहतो आणि वाळताना आकसतो. त्याचा नुसता पृष्ठभाग ओलसर करायचा असतो, आणि जोड तयार मसाल्याचा, 3 मिमीच्या आसपास. आमच्या कंत्राटदारानं मसाला ऐनवेळी बदलला आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी मारायची राहूनच गेली. पुढे भेग खरवडून रुंद केली, लवचीक फिलर भरला, वर फायबरची जाळी घेऊन पुन्हा प्लास्टर केलं. वर्ष होत आलं, ती उघडलेली नाही. पण रंग झालेल्या घरात हे करणं किती जिवावर येतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

फडताळं लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या रॉवल प्लगवर आम्ही पुस्तकांची फळी टांगली. तिसऱ्या दिवशी स्क्रू बोटानं फिरायला लागला आणि भोकातून पिठासारखी भुकटी गळाली. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग वेगळे मिळतात, जड वस्तूला केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट लागतो, आणि ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवूनच भोक पाडायचं. जिथे जड काही येणार हे आधीच माहीत आहे तिथे बांधतानाच काँक्रीटची पट्टी घ्यावी.

आवाजाबाबत मात्र आमची समजूत चुकली होती. 'ब्लॉकमधून आवाज येत नाही' असं सगळेच सांगत होते. भिंत आवाज अडवते ती मुख्यतः आपल्या वजनानं. वजन दुप्पट झालं तर साधारण 5 ते 6 डेसिबल जास्त अडतात. हलक्या ब्लॉकची 100 मिमीची भिंत त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीपुढे कमीच पडते. शेजारच्या खोलीतलं फोनवरचं बोलणं मला शब्दन्‌शब्द नाही, पण विषय कळेल इतकं ऐकू येतं.

आता खिडकी. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, सात फूट रुंद. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला ऊन फरशीवर उतरायचं, पाचपर्यंत सोफ्यावर चढायचं, आणि सगळ्या घरात तीच खोली सर्वांत तापलेली असायची. दुहेरी काच असून असं का, हे मला बराच काळ उमगलं नाही. आतल्या-बाहेरच्या हवेतल्या फरकामुळे जी उष्णता काचेतून जाते ती दुहेरी काचेनं साधारण निम्मी होते, हे खरंच आहे. पण थेट उन्हाचं गणित निराळं. साध्या एकेरी काचेतून उन्हाची ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते, आणि दोन्ही काचा पारदर्शक असतील तर दुहेरीतूनही सत्तरच्या पुढे येते. लो-ई लेप (उष्णता परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर) असलेली, ऊन अडवणारी काच घेतली तरच हा आकडा नीट खाली येतो. आम्ही जाड पडदे लावले. पडदा तापला, आणि तो तापलेला पडदा खोलीतच होता. छज्जाही उपयोगाचा नाही, कारण पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छज्जाच्या खालून सरळ आत.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी खिडकीच्या बाहेरून, काचेपासून वीतभर अंतरावर गुंडाळता येणारी झापं बसवली. दुपारी दोनला खाली, सूर्य कलला की वर. तशाच कडक दिवशी हॉलचं तापमान पूर्वीपेक्षा तीन अंशांनी कमी भरलं. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायचं, आतल्या बाजूनं ते जमत नाही. सबंध घरावर आम्ही इतकं केलं, त्यात सर्वांत साधी वस्तू ही, आणि सर्वांत जास्त काम तिनं केलं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. रबरी पट्ट्यांच्या खिडक्या, फटी नसलेल्या भिंती, त्यामुळे घर हवाबंद झालं. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटायचं. झोप कमी पडतेय असं वाटून दुर्लक्ष केलं. मग कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर आणला. दोघं झोपलेल्या, दार बंद असलेल्या खोलीत पहाटे पाचला आकडा 2,100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 2,100 भाग. बाहेरच्या हवेत तो 420-430 च्या आसपास असतो. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच खोलीतल्या हवेसाठी 1,000 ची मर्यादा सुचवली होती. जुन्या घरांच्या फटी नकळत हे काम करत होत्या. 1991 मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेवर चालणारं हवाबंद घर, उभं राहिलं. त्या पद्धतीत चाचणीच्या वेळी 50 पास्कल दाबफरकाला तासाला घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा गळता कामा नये असा नियम आहे, पण ताजी हवा आणणारी यंत्रणाही त्याच घराचा भाग असते. आम्ही हवाबंद करायचं तेवढं उचललं होतं. आता बाथरूमचा छोटा एक्झॉस्ट पंखा रात्रभर मंद चालतो, खिडकीच्या फ्रेममध्ये उघडझाप करता येणारी हवेची पट्टी आहे, आणि दाराखाली बोटभर फट. आकडा 900 च्या आसपास राहतो. पहिल्या पावसाळ्यात कपाटामागे धरलेली बुरशीही परत आलेली नाही.

धाकट्या भावाचं घर आता नकाशावर आहे. भिंत ब्लॉकचीच, त्यावर चर्चाही झाली नाही. झोपायच्या खोल्यांमधली भिंत 150 ची केली, सांध्यांच्या जाळीचं कलम करारात घातलं. गेल्या रविवारी आम्ही दोघं त्याच्या मोकळ्या प्लॉटवर दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत उभे राहिलो आणि सावली कुठून कुठे सरकते ते चुन्यानं जमिनीवर आखलं. हॉलची खिडकी उत्तरेला गेली आहे.