शाफ्ट ग्राइंडिंग : हिंगणघाटजवळच्या एका लहान वर्कशॉपचा अनुभव

कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी करण्याच्या, मशीनरीची जी दुरुस्ती निघते, तीत शाफ्टवर बेअरिंग बसणाऱ्या जागांचे ग्राइंडिंग, म्हणजे फिरत्या अपघर्षक चाकाने घासून अचूक मापावर आणणे, हे सर्वांत नाजूक काम असते. पूर्वी आम्ही जेथून हे काम करवून घेत होतो, तेथून आलेला शाफ्ट ट्यूबलाइटखाली तिरपा धरला की त्याच्या लांबीला समांतर, परिघावर सारख्या अंतरावर पुसट पट्टे दिसत. हे पट्टे म्हणजे पृष्ठभागावरच्या सूक्ष्म लहरी. मायक्रोमीटरवर माप बरोबर भरे, कारण त्याची तोंडे लहरींच्या माथ्यांवरच टेकतात; परंतु बेअरिंग चढवल्यावर तेच माथे दबतात, पकड सैल होते आणि ऐन हंगामात आतली रिंग शाफ्टवर फिरू लागते. 50 मिलिमीटरच्या शाफ्टला के6 फिट, म्हणजे बेअरिंग घट्ट बसवण्यासाठीची एक प्रमाणित मापमर्यादा, द्यायचा तर माप 50.002 ते 50.018 मिलिमीटर यांच्या आत ठेवावे लागते, यावरून काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) लहरींचे महत्त्व ध्यानात यावे.

हिंगणघाटजवळच्या या वर्कशॉपचे मालक असा शाफ्ट हाती आला की प्रथम पट्ट्यांमधले अंतर मोजतात. ग्राइंडिंगचे चाक मिनिटाला 1500 फेरे घेत असेल आणि जॉबच्या, म्हणजे घासायच्या शाफ्टच्या, पृष्ठभागाचा वेग मिनिटाला 15 मीटर असेल, तर चाकाचा तोल बिघडल्याने पडणारे पट्टे 10 मिलिमीटरवर येतात. ते याहून फार दाट असतील, तर स्पिंडलचे (चाक ज्यावर फिरते त्या दांड्याचे) बेअरिंग तपासावे लागते, किंवा ते चॅटर असते, म्हणजे एकदा उमटलेली लहर पुढच्या फेरीत पुन्हा चाकाखाली येऊन कटाची खोली कमीजास्त करते आणि कंपन आपोआप वाढत जाते. आमचा जुना शाफ्ट पाहून ते एवढेच म्हणाले, “याले एमरी मारून काई फायदा नाई, भाऊ.” म्हणजे घासकागदाने पट्टे पुसून उपयोग नाही.

नवे चाक चढवण्यापूर्वी ते हलकेच ठोकून त्याचा आवाज ऐकतात, स्टँडवर फ्लँजची (चाक धरणाऱ्या तबकडीची) वजने सरकवून तोल साधतात, हिऱ्याने ड्रेसिंग करतात, म्हणजे चाकाचा पृष्ठभाग छिलून सारखा करतात, आणि त्यानंतर तोल पुन्हा तपासतात. हा दुसरा तोल बहुतेक ठिकाणी गाळला जातो. शाफ्टच्या सेंटरची भोके, म्हणजे ज्यांत तो मशीनवर टेकून फिरतो ती टोकांची भोके, साफ केल्याशिवाय जॉब लावत नाहीत, आणि बारीक, लांब जॉबला मध्ये स्टेडीचा आधार देतात. मला विशेष वाटली ती संध्याकाळची एक सवय : कूलंट, म्हणजे थंड ठेवणारे पाणी, आधी बंद करून चाक काही वेळ कोरडेच फिरू देतात, कारण थांबलेल्या चाकात पाणी राहिले तर ते खालच्या बाजूला उतरते आणि सकाळी पहिल्याच जॉबवर पट्टे येतात. कारागीर नवखा असला तरी ही शिस्त मोडलेली मी पाहिली नाही.

तक्रारीही आहेत. दर इतरांपेक्षा जास्त आहे, आणि शेवटच्या कटानंतर ठिणग्या पूर्ण थांबेपर्यंत चाक पुढे न सरकवता जॉब फिरवत ठेवत असल्यामुळे वेळही अधिक लागतो, अर्थात त्याबद्दल कुरकुर करणे मला योग्य वाटत नाही. मात्र मापांची लेखी नोंद मागूनही मिळत नाही, पावतीवर केवळ ‘शाफ्ट ग्राइंडिंग’ एवढेच असते. ज्यांना ती नोंद पुढे दाखवायची आहे त्यांची यामुळे अडचण होईल. मीटरभराहून लांब शाफ्ट त्यांच्या मशीनवर बसत नाही, त्यासाठी हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतच जावे लागते. काम द्यायचे असल्यास पोळ्याच्या सुमारास नेऊन टाकावे, दसरा उलटल्यावर ते नवे जॉब घेत नाहीत.