पणजीतला इटालियनचा क्लास: शिकवणं झकास, झेरॉक्स भकास

क्लासचं नाव टाकत नाही, कारण थोडी तक्रारपण आहे. संध्याकाळची बॅच, अर्धी पोरं बोटीवर जायची तयारी करणारी आणि बाकी आमच्यासारखे हौशी. व्याकरण काय हो, कुठल्याही ॲपवर मिळतं, पण क्रियापदात जोर नेमका कुठे द्यायचा हे ह्या टीचर जे घोटून घेतात ना, तेवढ्यासाठी फी भरली तरी वसूल.

आपल्या मराठीत असा जोराचा काही जाच नाही, त्यामुळे 'पार्लानो' म्हणजे 'ते बोलतात' म्हणताना सगळी बॅच 'ला'वर जाऊन बसते आणि टीचर लगेच टेबलावर डस्टर आपटतात. पार्लो, पार्ली, पार्ला, तिन्हीत जोर 'पार्'वर. 'पार्ल्यामो' आणि 'पार्लाते'मध्ये तो पुढे सरकतो, आणि पार्लानोत परत मागे 'पार्'वर. 'आबितानो' म्हणजे 'ते राहतात', त्यात तर थेट 'आ'वर, शेवटून चौथं अक्षर! सगळ्यात मजा 'कापितानो'ची. 'का'वर जोर दिला तर 'घडतात', 'ता'वर दिला तर कप्तान, आणि 'नो'वर दिला तर 'त्याने नेतृत्व केलं'. बोटीवाली पोरं हे काय विसरत नाहीत आता. 'वेदेरे'त जोर मधल्या 'दे'वर आणि 'प्रेंदेरे'त पहिल्या 'प्रें'वर, का ते विचारायचं नाही, पाठ करायचं.

अक्षरं तोडायलापण शिकवतात, डबल व्यंजन फुटतं म्हणून लेग्-गो, पण 'स्क' फुटत नाही म्हणून का-पि-स्को.

आता तक्रार. नोट्सचे झेरॉक्स इतके फिकट की अक्षरावरची तिरकी रेघच उडालीय. इटालियनमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच ती रेघ लिहावीच लागते, म्हणजे रेघ गेली की 'तो बोलला'चं सरळ 'मी बोलतो' होतं, दोन्ही पार्लोच! भूतकाळाचं अख्खं पान असं वाचायचं म्हणजे वैताग, शेवटी टीचरच्या वहीवरून पेनाने रेघा मारून घेतल्या. एवढी फी घेता तर नवीन प्रिंट काढा की बाबांनो.

पार्किंगचं तर नावच नको, गाडी मार्केटकडे लावून चालत या. साडेतीन स्टार, झेरॉक्स बदलले तर साडेचार.