भुलीच्या टेबलावर त्वचेवरचा कार्बन डायऑक्साइड मॉनिटर : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हा ट्रान्सक्युटेनियस, म्हणजे त्वचेवरून मोजणारा, मॉनिटर येऊन आठ महिने झाले. धमनीत सुई न टोचता, कानाच्या पाळीवर किंवा गळपट्टीच्या हाडाखाली लावलेल्या सेन्सरवरून रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज देणे, हे त्याचे मुख्य काम. सेन्सर त्वचा साधारण ४२ अंश सेल्सियसपर्यंत तापवतो, केशवाहिन्या रुंदावतात आणि त्वचेतून झिरपणारा वायू मेम्ब्रेनआडच्या (पातळ पडद्याआडच्या) द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लता, बदलतो; त्यावरून आकडा निघतो. तत्त्व रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या, १९५०च्या दशकातल्या सेव्हरिंगहाउस इलेक्ट्रोडचेच आहे.

घशात नळी आहे आणि फुप्फुसे धडधाकट आहेत, अशा रुग्णात कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) पुरतो. तिथे हा खटाटोप मी आता करत नाही. त्याचे मोल कळले ते स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत. सर्जनला जागा हवी म्हणून नळी न टाकता, नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देत रुग्णाचा श्वास थांबवून ठेवला होता. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर वीस मिनिटे ९९ टक्के दाखवत निवांत होता, उच्छ्वासच नसल्यामुळे कॅप्नोग्राफची रेघ सपाट होती, आणि कानावरचा आकडा मात्र ४४ वरून ६७ मिमी पाऱ्यापर्यंत चढत गेला. सर्जनला कधी थांबवायचे, हे मी त्या आकड्यावरूनच ठरवले.

जुन्या विडीबहाद्दराच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही, पोटात वायू भरल्यानंतर, कॅप्नोग्राफ ४१ सांगत असताना त्वचेवर ५४ दिसले. एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) केला तो ५२ आला. तरीही मी एका आकड्यापेक्षा चढउताराकडे पाहतो, आणि सुरुवातीला एकदा एबीजीशी ताडून घेतो. रक्तदाब घसरला किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिनचा (रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) डोस वाढला की त्वचेवरच्या आकड्याचा भरवसा कमी होतो. हा सेन्सर ऑक्सिजनचाही आकडा देतो, पण प्रौढांमध्ये ते वाचन तर मी धरतच नाही; नवजात बाळांच्या पातळ त्वचेवर ते बरे येते, पण भाजू नये म्हणून जागा ठरावीक वेळाने बदलावी लागते.

आकडा स्थिरावायला सुमारे दहा मिनिटे जातात, म्हणून सेन्सर भूल देण्याआधीच लावावा. एकदा चादरी अंथरताना कोणाचा तरी कोपर लागून सेन्सरची कड सुटली, आत हवा शिरली आणि ४६चे ९ झाले. कॅप्नोग्राफ जागचा हलला नव्हता, म्हणून मी रुग्णाऐवजी आधी कान तपासला.

सर्वांत मोठी कटकट देखभालीची. मेम्ब्रेन वेळच्या वेळी बदलावे लागते, कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचा आकडा प्रमाणाशी जुळवून घ्यायला, वेगळा वायू लागतो. त्याचा छोटा सिलिंडर संपला तेव्हा विक्रेत्याने नवा द्यायला पाच आठवडे लावले आणि तोवर यंत्र कपाटात पडून राहिले. आता दुसरा सिलिंडर हाती असल्याशिवाय पहिला उघडायचा नाही, असे मी टेक्निशियनला बजावून ठेवले आहे.