वचनपेटीतला पाऊस : एका वस्तूचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील ख्रिस्ती पुस्तकांच्या एका दुकानातून डिसेंबरात ही वचनपेटी, म्हणजे बायबलातील निवडक वचनांच्या कार्डांची पेटी, घेतली. पावाच्या आकाराची प्लास्टिकची पेटी, वरून उघडणारे झाकण, आत बोटभर रुंदीची रंगीत कार्डे आणि सोबत वचने कशी स्वीकारावीत हे सांगणारे चार पानी पत्रक, असा हा ऐवज दीडशे रुपयांना मिळतो. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्या याच वळणाच्या असतात. आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन चिठ्ठीने काढण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे, त्यामुळे ही पेटी घरोघरी जाते आणि तिच्यातले कार्ड वर्षभर देव्हाऱ्यासारख्या मानाने आरशाच्या चौकटीत खोचलेले राहते. अशा वस्तूचे परीक्षण केवळ कागद आणि शाई पाहून करता येत नाही.

तरी कागद आणि शाईबद्दल आधी सांगतो. कार्डे जाड आहेत, ओल्या हाताने घेतली तरी अक्षर फुटत नाही, आणि टाइप एवढा मोठा आहे की साठीच्या पुढच्या माणसाला चष्मा शोधावा लागत नाही. झाकणाची बिजागरी मात्र महिनाभरातच सैल झाली. खरी उणीव वेगळीच आहे : वचनाचा संदर्भ कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापला आहे आणि मागची बाजू संपूर्ण कोरी सोडली आहे.

चिठ्ठीने वचन काढण्याला माझा विरोध नाही. जर्मनीतील हर्नहुट येथील मोरावियन या प्रॉटेस्टंट मंडळीत १७२८ पासून दररोजचे एक वचन देण्याची प्रथा आहे आणि १७३१ पासून ती वचने पुस्तकरूपाने छापली जातात. जुन्या करारातील वचन तेथे आजही चिठ्ठीने निघते. परंतु त्याच्या जोडीला नव्या करारातील एक वचन विचारपूर्वक निवडून दिले जाते. म्हणजे चिठ्ठी हातात पडते तेव्हा तिच्याकडे कसे पाहावे याची एक वाटही सोबत मिळते. आपल्या पेटीने चिठ्ठी तेवढी घेतली आणि जोडी सोडून दिली.

ही जोडी नसल्यामुळे काय होते, ते पावसाच्या कार्डांवरून दिसते. अनुवाद (जुन्या करारातील पाचवे पुस्तक) ११:१४ आणि योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातील २:२३ ही दोन्ही वचने पेटीत आहेत आणि दोन्हींत आधीचा व नंतरचा पाऊस देण्याचे आश्वासन आहे. आमच्या मंडळीतील एका मोसंबीवाल्या काकांना नवीन वर्षाच्या रात्री यांतलेच एक कार्ड निघाले. उपासना संपल्यावर त्यांनी पाळकांना गाठून विचारले, "पाळकसाहेब, हा पाऊस खराखुरा धरायचा का आत्मिक? नंतरचा पाऊस मार्चात आला तर माझा आंबिया बहार गळतो, शेजारच्याचा हरभरा जातो." मंडळी हसली, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. कनान देशात, म्हणजे बायबलातल्या इस्राएलाच्या भूमीत, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडून जमीन पेरणीजोगी होत असे, तर मार्च-एप्रिलमधला पाऊस कणसात दाणा भरण्यासाठी लागत असे. मराठवाड्यात त्याच महिन्यांतला पाऊस अवकाळी ठरतो, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी शेतात उभे राहून पाहिली त्यांना तो आशीर्वाद म्हणून मागणे जड जाईल. अक्षरशः घेतले तर हे वचन इस्राएलाच्या जमिनीला, त्या हवामानाला आणि अनुवाद ११:१३ मधील आज्ञापालनाच्या अटीला बांधलेले आहे. ती अट कार्डावर नाही.

मग त्याचा केवळ आत्मिक अर्थ घ्यावा काय? सोबतच्या पत्रकाने येथेच मोठी गफलत केली आहे. पहिल्या पानावर ते सांगते की वचन जसे लिहिले आहे तसेच आपले समजून मागा. चौथ्या पानावर तेच पत्रक सांगते की वचन पूर्ण होताना दिसले नाही तर त्याचा आत्मिक अर्थ समजून घ्या. पीक आले तर पाऊस खरा आणि पीक गेले तर पाऊस आत्म्याचा, असा हा हिशेब आहे. या पद्धतीने कोणतेही वचन कधीच खोटे ठरत नाही, परंतु ते कधी खरेही ठरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला असा अर्थ ऐकवण्याचे धैर्य पत्रककाराला झाले असते असे वाटत नाही.

योएलाचा दुसरा अध्याय पूर्ण वाचला तर वाट सापडते. त्यात धान्य आहे, द्राक्षारस आहे, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई आहे. ही सर्व शेतातली भाषा आहे आणि तिचे काहीही दुसरे करण्याची गरज नाही. त्यानंतर २८ व्या वचनात संदेष्टा म्हणतो की यानंतर परमेश्वर सर्व माणसांवर आपला आत्मा ओतील. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र याने प्रेषितांची कृत्ये २ मध्ये उद्धृत केले ते हेच. त्याने धान्याचा अर्थ आत्मा असा लावला नाही. धान्य त्याच्या जागी ठेवून पुढचे वचन आपल्या काळात पूर्ण झाले असे सांगितले. शब्दशः आणि आत्मिक हे दोन अर्थ एकमेकांचा कोंडमारा न करता एकाच अध्यायात नांदतात, पण त्यासाठी अध्याय हातात असावा लागतो.

यिर्मया २९:११ चे कार्ड पेटीत सर्वांत सुबक आहे, सोनेरी किनारीचे. हिताचे संकल्प आणि उज्ज्वल भविष्य यांचे हे वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या यहूद्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या ओळीत सत्तर वर्षांची मुदत दिली आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांच्या हयातीत परतीचा दिवस उगवणार नव्हता. दोन वर्षांत सगळे परत येईल, हे गोड आश्वासन आधीच्याच अध्यायात हनन्या नावाच्या खोट्या संदेष्ट्याने दिले होते आणि ते खोटे ठरले. यिर्मयाचे वचन मात्र अक्षरशः खरे होते, म्हणूनच कठीण होते : घरे बांधा, मळे लावा, त्याच परक्या नगराचे कल्याण इच्छा. पुण्याला कंपनीत गेलेल्या मुलाच्या खोलीत हे कार्ड लावणाऱ्या आईबापांनी पाचवे ते सातवे वचनही वाचावे. मुलाला खरा उपयोग होईल तो त्याच वचनांचा.

इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याला देशाची जमीन देण्याच्या वचनांवर अभ्यासकांमध्ये शतकानुशतके वाद आहे आणि तो या परीक्षणात मिटणार नाही. उत्पत्ति १५:१८ मधील सीमा आजही शब्दशः पूर्ण व्हायच्या आहेत असे एकोणिसाव्या शतकातील धर्मोपदेशक डार्बी आणि १९०९ च्या स्कोफील्ड टीपांच्या बायबलाने लोकप्रिय केलेल्या परंपरेचे म्हणणे आहे. यहोशवाच्या काळीच परमेश्वराने सर्व वचने पुरी केली असे यहोशवा २१:४३-४५ सांगते, आणि अब्राहाम जगाचा वारस होईल असे पौल रोमकरांस पत्र ४:१३ मध्ये त्या भूमीच्या कुंपणापलीकडे जाऊन म्हणतो. मला पौलाची बाजू अधिक पटते, कारण ती जमीन पुसून टाकत नाही, तिची हद्द वाढवते. अब्राहामाला मात्र पाऊल ठेवण्याएवढीही जागा वतन मिळाली नाही, हे ख्रिस्ती मंडळीचा पहिला हुतात्मा स्तेफन याने सांगितलेच आहे. पत्नीला पुरायला त्याने चारशे शेकेल रुपे मोजले. जालन्याजवळ ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे नाव बेथेल, म्हणजे उत्पत्ति २८ मध्ये अब्राहामाचा नातू याकोब ज्या भूमीवर निजला तीच देण्याचे वचन त्याला मिळाले ते ठिकाण. नाव तेथले घेतले. जमीन मात्र निजामाच्या राज्यात रीतसर मिळवावी लागली आणि नांगरावी लागली. वचन वाचण्याची ही रीत मला या पेटीच्या पत्रकापेक्षा प्रौढ वाटते.

दोन कार्डांवर माझा स्पष्ट आक्षेप आहे. पहिले स्तोत्र ९१:११-१२, देवदूत तुला हातांवर झेलतील हे. मत्तय ४ मध्ये हे वचन संदर्भातून तोडून अक्षरशः वापरण्याची सूचना सैतान करतो, आणि येशू त्याला अनुवाद ६:१६ ने उत्तर देतो; हे ठाऊक नसताना घाटात वेगाने गाडी चालवणाऱ्या तरुणाच्या डॅशबोर्डवर ते कार्ड असणे बरे नव्हे. दुसरे लूक २१:१८, तुमच्या डोक्याचा एक केसही नाश पावणार नाही. दोनच ओळी आधी, १६ व्या वचनात, येशू त्याच शिष्यांना सांगतो की तुमच्यापैकी कित्येकांना जिवे मारतील. मरण शब्दशः आणि केसाची राखण मरणापलीकडची, हे दोन्ही एका श्वासात बोलले गेले आहे, म्हणूनच ते छळ सोसणाऱ्यांना पुरले. १६ वे वचन कापून टाकले की उरते ते अपघात विम्याचे जाहिरातपत्र.

मलाखी ३:१० चे कार्डही आहे, दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचे. मंदिरातील भांडार ही खरीखुरी धान्याची कोठी होती. या वचनाच्या जोरावर अनामत दुप्पट होऊन परत येईल असे सांगणाऱ्या सभा कुठे भरतात ते वाचकांना माहीत आहे. त्यात पेटीचा दोष कमी.

रविवारच्या शाळेसाठी ही पेटी घ्यायला हरकत नाही, मुले पाठांतर आनंदाने करतात आणि कार्डे दोन वर्षे टिकतील. पत्रक मात्र मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनी प्रत्येक कार्डाच्या कोऱ्या पाठीवर तीन गोष्टी पेन्सिलीने लिहाव्यात : वचन कोणाला दिले, कोणत्या अटीवर दिले, आणि नव्या करारात ते पुन्हा कोठे येते. एका शनिवारी दुपारी तीन-चार जण बसले तर बरीचशी पेटी उरकते. प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत हीच माहिती छापली तर वीस रुपये जास्त द्यायला मी तयार आहे, आणि तेवढ्यात बिजागरीही बदलून घ्यावी.