पॉइंट टू-टू पिस्तुलासाठी जादा मॅगझिन: रत्नागिरीत १४ महिने वापरून झाल्यावर

आधी मला शून्य कसे मिळाले ते सांगते, कारण त्या शून्यांपायीच ही सगळी खरेदी झाली.

२५ मीटर पिस्तूलची स्पर्धा होती. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या, ३० गोळ्या बऱ्या गेल्या होत्या, आता रॅपिड. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: लाल दिवा ७ सेकंद, मग हिरवा ३ सेकंद. त्या ३ सेकंदांत खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची, असं पाच वेळा, की झाली एक सिरीज. दुसऱ्या सिरीजच्या तिसऱ्या हिरव्याला मी ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही. बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग, अर्ध्यात अडकलेला, गोळीचं शिसं वर तोंड करून बसलेलं. आणि मी, २० वर्षं औषधांच्या दुकानात अडकलेली झाकणं उघडणारी बाई, डाव्या हाताने सरळ बोल्ट मागे ओढला. गोळी टेबलावर पडली, आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर, आले, त्यांनी मान हलवली. जॅम झालं की पिस्तूल समोर धरून मोकळा हात वर करायचा, कशालाही हात लावायचा नाही, हा नियम मला पाठ होता. स्वतः उघडलं की तो बिघाड मान्य होत नाही आणि न झाडलेल्या गोळ्या शून्य धरतात. तीन गोळ्या, म्हणजे ३० गुण पाण्यात.

कोल्हापूरचे आमचे कोच मागे उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "ताई, हात वर करा की आधी! बोल्ट काय पळून चाललाय?"

घरी येऊन मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायची ती डबी, उजेडात धरलं तेव्हा कारण दिसलं. वरच्या दोन वाकवलेल्या कडा, ज्यांना आम्ही लिप्स म्हणतो, त्यातली उजवी किंचित बाहेर आली होती. एप्रिलमध्ये ते सिमेंटच्या फरशीवर उलटं पडलं होतं, मी उचललं, फुंकर मारली आणि तसंच वापरत राहिले.

माझं पिस्तूल वॉल्थर जीएसपी, पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंची गोळीचं. १९६८ पासूनचं हे मॉडेल, माझं अर्थातच सेकंडहँड, खेळ सोडलेल्या एका नेमबाजाकडून रीतसर परवानगी घेऊन घेतलेलं. मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे खालून बसतं, पाच गोळ्यांचं. मला पिस्तुलाबरोबर एकच मिळालं होतं. एकावर कशी वर्षं काढली, आता विचारू नका.

पॉइंट टू-टूच्या मॅगझिनची अडचण त्या गोळीतच आहे. हिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. गोळ्या एकावर एक बसवताना वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे हवी. मागे राहिली की वरची गोळी पुढे सरकताना खालचीत अडकते. शिवाय गोळी साध्या शिशाची, वरून मेणाचा हात फिरवलेली. मऊ शिसं जरा धारदार कडेवर घासलं की सोलवटतं. म्हणजे या डबीला तीन कामं नीट करायची असतात: लिप्सनी गोळी ठरलेल्या कोनात धरायची आणि वेळेवर सोडायची, स्प्रिंगने पाचवी गोळीही पहिलीइतक्याच तत्परतेने वर आणायची, आणि फॉलोअरने, म्हणजे गोळ्यांखालच्या त्या चिमुकल्या पाटाने, तिरकं व्हायचं नाही. बाकी रंग, पॉलिश, खालचं रबरी बूट हे सगळं हळदीकुंकू.

खरेदीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मला दोघा-तिघांनी "कुरिअरने मागव की" असा सल्ला दिला होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत सुटे भागही येतात. मॅगझिन म्हणजे मोबाइलचं कव्हर नव्हे. परवानाधारक विक्रेता, परवान्याची प्रत, बिल, एवढं असेल तरच घ्या. माझ्याकडे तिन्ही बिलं पिस्तुलाच्या परवान्याबरोबर एकाच फाइलमध्ये आहेत.

भाव ऐकून मात्र गरगरलं. नवं ओरिजिनल, बाहेरून मागवून, मला साडेनऊ हजाराच्या आसपास सांगितलं, तेही "येईल तेव्हा येईल". त्याच दुकानात दुसऱ्या बनावटीची हुबेहूब दिसणारी मॅगझिन्स होती, १,८०० ला एक. माणूस मोहात पडतोच. दोन घेतली. पुढे महिन्याभराने त्याच विक्रेत्याकडे एका ज्येष्ठ नेमबाजाचं जुनं ओरिजिनल आलं, कडांवरचा काळा रंग उडालेला, ३,५०० ला. तेही घेतलं. घरी नवऱ्याने हिशोब मांडला आणि म्हणाला, एवढ्यात दोन पेट्या हापूस आला असता. आंब्याचा भाव काढल्याशिवाय रत्नागिरीत कुठलाच हिशोब पुरा होत नाही.

चारही मॅगझिनना बुडाशी नेलपॉलिशने ठिपके दिले. पिस्तुलाबरोबर आलेलं एक नंबर (लिप सरळ करून घेतली, त्यावर पुढे बोलते), ज्येष्ठांचं दोन नंबर, आणि ती हुबेहूब जोडी तीन-चार नंबर. एका शंभरपानी वहीत कुठल्या मॅगझिनमधून किती गोळ्या गेल्या आणि किती जॅम झाले ते लिहायला लागले. ही वही नसती तर हा लेखही नसता, कारण डोक्यात राहतो तो फक्त शेवटचा जॅम.

१४ महिन्यांत ३,९०० गोळ्या झाल्या. एक नंबर: १,४०० गोळ्या, ३ जॅम. दोन नंबर: १,२५० गोळ्या, २ जॅम, त्यातला एक माझ्या मूर्खपणाचा. तीन नंबर: ७०० गोळ्या, १९ जॅम. चार नंबर: ५५० गोळ्या, ६ जॅम.

तीन आणि चार नंबर एकाच डब्यातून निघालेली सख्खी भावंडं, आणि वागण्यात हा फरक. मला वाटतं स्वस्त मालाची खरी किंमत इथेच आहे. तो वाईट असतो असं नाही, एकसारखा नसतो. बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन बसले तेव्हा तीन नंबरच्या लिप्समधलं पुढच्या टोकाचं अंतर एक नंबरपेक्षा ०.४ मिलिमीटर जास्त निघालं. गोळी जरा लवकर सुटते, नाक वर करते, चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेच्या, तोंडाला आपटते. शिवाय आतल्या बाजूला पत्र्याच्या जोडावर एक बारीकशी बूर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलेली. बोट घातल्यावर कळत नव्हती, कापसाची काडी फिरवली तेव्हा तंतू अडकले. त्या जागी शिशाची सोलपटं साचत होती. दुकानात कापसाची काडी घेऊन जा, हसतील, हसू देत.

आता पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा असतो. आगोटीला आम्ही पापड-मिरच्या डब्यात भरतो तशी मी पहिल्या जूनमध्ये मॅगझिन्सही चामड्याच्या पाउचमध्ये घालून कपाटात ठेवली, शहाणपणा केला असं समजून. चामडं ओल धरतं. आषाढात उघडलं तर पाउचवर हिरवट बुरशी आणि तीन-चार नंबरच्या स्प्रिंगवर तांबडे ठिपके, मोहरीएवढे. दोन्ही ओरिजिनलच्या स्प्रिंगा स्वच्छ. तार कोणती, मुलामा कोणता हे मी सांगू शकत नाही, पण एकाच पाउचमध्ये एकाच ओलीत चौघं होते, एवढं डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि औषधांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या आमच्याकडे बख्खळ. दर १५ दिवसांनी पुड्या बदलते. दुसरा पावसाळा निम्मा सरलाय, नवा ठिपका नाही.

माझा मूर्खपणा तो असा. शेजारचे नाना हार्मोनियमपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं दुरुस्त करतात. एक नंबरची वाकलेली लिप त्यांनीच, दोन नंबर समोर ठेवून, बारीक पकडीने केसाकेसाने सरळ केली आणि ती आजतागायत टिकली आहे. त्यामुळे नानांचा शब्द म्हणजे प्रमाण. स्प्रिंग गंजू नये म्हणून काय लावू विचारलं तर म्हणाले, "अगो, खोबरेल लाव थेंबभर. दुसरं हवंय कशाला?" लावलं. महिनाभर लोण्यासारखं चाललं.

डिसेंबरात कोल्हापूरला निघालो, पहाटे साखरप्यावरून आंबा घाट चढून. डिकीत पिस्तुलाची पेटी. दुधाळीच्या रेंजवर पोचलो तेव्हा हातातला चहा पेल्यातच गार होत होता. पहिली सिरीज, दोन नंबर. पहिली गोळी गेली, दुसरी वर आलीच नाही. बोल्ट रिकाम्यावर बंद. या वेळी मी शहाण्यासारखा हात वर केला. कोचनी मॅगझिन काढून फॉलोअर अंगठ्याने दाबला, तो खाली गेला आणि तिथेच बसून राहिला, वर येईना. त्यांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला. "ताई, डोक्याला लावता ते यात घातलंय का?" खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, हे बाटली उन्हात ठेवून पातळ करणाऱ्या कुठल्याही घाटावरच्या बाईला माहीत असतं. आमच्या रत्नागिरीत ते अंगावर येत नाही, एवढंच. रेंजच्या मागे बसून उरलेल्या चहाच्या गरम पेल्याला मॅगझिन टेकवून मी ते वितळवलं. शेजारच्या लेनमधल्या कॉलेजच्या मुली तोंड फिरवून हसत होत्या. याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, आणि मी इथे मॅगझिन शेकत बसलेली.

आता माझी पद्धत साधी आहे. दर ३००-३५० गोळ्यांनी मॅगझिन उघडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, वाळू द्यायचं. स्प्रिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटांनी फिरवून कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. आतल्या भिंती कोरड्याच ठेवायच्या. तेल, गोळीवरचं मेण आणि शिशाची भुकटी एकत्र आली की काळा चिकटा होतो, काजळात एरंडेल कालवल्यासारखा. आणि हे झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मग चहा. शिसं पोटात जाणं बरं नव्हे. मॅगझिनही अर्थातच आधी रिकामं आहे हे दोनदा पाहून. घरी गोळ्या भरून ठेवायचा प्रश्नच नाही, आम्ही रेंजवर 'लोड' म्हटल्याशिवाय भरत नाही.

एका ओळखीच्याने तीन नंबरची स्प्रिंग ताणून "ताकद वाढवून" दिली होती. करू नका. दोन दिवस बरं वाटलं, मग पहिली गोळी भरताना अंगठा दुखायला लागला आणि आठवड्याने स्प्रिंग आधीपेक्षा आखूड. दोष लिप्सचा असताना ही स्प्रिंगची दुरुस्ती म्हणजे पाय मोडलेल्याला टोपी देणं.

रेंजवर टेबलाशी मी आता जुन्या योगा मॅटचा तुकडा अंथरते. फरशीवर पडलेलं मॅगझिन त्या दिवसापुरतं बाजूला. घरी आल्यावर व्हर्नियर लावून मगच परत कामाला.

किती घ्यावीत? पाच गोळ्यांची सिरीज, दोन सिरीजमध्ये भरायला वेळ मिळतो. स्पर्धेला दोन भरवशाची आणि एक राखीव, बस. माझ्यासारखी घाईने स्वस्त जोडी घेतली तर ३,६०० गेले, त्याच पैशांत महिनाभर थांबून आणखी एक जुनं ओरिजिनल पाहता आलं असतं. रंग उडालेल्याला घाबरू नका, कडा पाहा. नवं ओरिजिनल परवडत असेल तर घ्याच, पण मला तरी ते परवडलं नाही आणि त्यावाचून अडलंही नाही. स्वस्तातलंच घ्यायचं असेल तर एक घ्या, २०० गोळ्या मारा, वहीत लिहा, मग दुसऱ्याचं बघा. चार नंबर माझं सरावाला ठीक चालतं. जोडावरची बूर त्याच्यातही होती, नानांनी बारीक पॉलिश पेपरने घासली. त्यानंतरच्या ३०० गोळ्यांत एकच जॅम. पण ते घासणं नानांचं होतं, १,८०० रुपयांत आलेलं नव्हतं.

तीन नंबर विकणार नाही, कुणी विचारू नका. सरावाला गेले की कोच माझ्याकडून चारही मॅगझिन घेतात, ठिपक्यांवर चिकटपट्टी लावतात आणि मधूनच कुठलं तरी हातात देतात. मला कळत नाही कुठलं आलंय. मागच्या रविवारी चौथ्या हिरव्याला बोल्ट अडकला. डावा हात निघालाच होता बोल्टकडे, अर्ध्या वाटेवरून वळला आणि वर गेला. कोच मागून म्हणाले, "उशीर झाला, पण चालंल."