‘ॲज पर साइज’ लिहिलेल्या मेनूकार्डापासून सावध

सहा माणसांच्या जेवणाचं बिल २६,६२३ रुपये. हॉटेल लोअर परळमधलं, चांगलं नावाजलेलं, खास माशांच्या जेवणासाठी लोक लांबून येतात असं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि हा प्रकार एकाच हॉटेलात होतो असंही नाही.

जेवण महाग होतं, ही माझी तक्रार नाही. लोअर परळला जागेचं भाडं काय असतं हे मुंबईकरांना सांगायला नको. भाव छापलेला असेल, तो वाचून मी मागवलं असेल, तर ते पैसे मी आनंदाने देईन. पण कर आणि वरचा आकार सोडला तर उरलेल्या तेवीस हजारांच्या खाण्यापिण्यातल्या जवळपास साडेसतरा हजारांच्या पदार्थांचा खरा भाव आम्हाला जेवण्याआधी कळलेलाच नव्हता. याला मी फसवणूकच म्हणते.

लेकीचं लग्न ठरलंय. सांगलीहून व्याही आणि विहीणबाई आले होते, जावईबापूही होते. श्रावण लागायच्या आधीचा रविवार, म्हणजे सगळी हॉटेलं भरलेली. त्यामुळे आधी फोन करून टेबल राखून ठेवलं. तेव्हा पलीकडून अगदी गोड आवाजात विचारलं, ‘काही खास प्रसंग आहे का मॅडम?’ मुलीच्या सासरची मंडळी येणार आहेत, असं मी सांगितलं. हा प्रश्न आता बहुतेक मोठ्या हॉटेलांत विचारतात. त्याचा उपयोग कशासाठी झाला ते पुढे कळलं.

आम्ही बसतो न बसतो तोच सहा उंच ग्लास समोर आले. ‘वेलकम ड्रिंक’ म्हणाला वेटर. कोणी मागवलं नव्हतं. बिलात एकेकाचे ४२५ रुपये लागले. मग कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, आला आणि त्याने विचारलं, ‘स्टिल वॉटर की स्पार्कलिंग?’ ही विचारायची पद्धत नीट बघा. दोन्ही बाटलीतली विकतची पाणी, त्यात फुकटच्या साध्या पाण्याचा पर्यायच नाही. विहीणबाई म्हणाल्या, ‘साधंच द्या हो.’ तो हसून ‘स्टिल’ म्हणाला आणि काचेच्या बाटल्या उघडायला लागला. ग्लास अर्धा झाला की पुन्हा भरायचा, बाटली संपली की न विचारता दुसरी फोडायची. अशा सात बाटल्या झाल्या, प्रत्येकी ३१० रुपये. माटुंग्याच्या उडुप्याकडे बसलं की पाण्याचा ग्लास न मागता समोर येतो, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. इथेही ते पाणी होतं, फक्त ते मिळतं हे कोणी सांगत नव्हतं.

मासे बघायला कॅप्टनने आमच्यातल्या एका माणसाला अगत्याने उठवून नेलं, आणि ते होते व्याही. मला नाही, ह्यांना नाही. बिल कोण देणार आणि पाहुणे कोण, हे त्याला पक्कं माहीत होतं. व्याह्यांसमोर त्याने बर्फावरची पापलेटं उचलून दाखवली. ‘आज सुबह का माल है सर, ससून डॉक से.’ महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात पापलेट मिळत नाही असं नाही, पण ते बहुतेक बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं असतं. मी माहीमला राहते, आयुष्यभर सिटीलाइटच्या बाजारातून मासे आणले आहेत. त्या पापलेटांचे डोळे आत गेलेले मला चार हातांवरून दिसत होते. पण व्याही कौतुकाने बघत होते. सांगलीत समुद्राचा मासा असा समोर मांडलेला कुठे बघायला मिळणार? त्यांचा चेहरा बघून मी काय बोलणार होते?

मेनूकार्डावर पापलेटासमोर भाव नव्हता, ‘एपीएस’ अशी तीन अक्षरं होती. म्हणजे ‘ॲज पर साइज’, आकाराप्रमाणे. खेकड्यासमोरही तेच. ह्यांनी खेकड्याचा भाव विचारला, तेव्हा कॅप्टन म्हणाला, ‘टू नाइंटी, सर.’ एवढंच म्हणाला आणि पुढच्या पदार्थाकडे वळला. दोनशे नव्वद कशाचे, ते बिलात समजलं : १०० ग्रॅमचे. किलोला २,९०० रुपये.

खेकड्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण खरी चलाखी तिथे आहे. ट्रेमध्ये सुतळीने बांधलेले दोन जिवंत खेकडे टेबलाशी आणले. चांगले होते, पण माझ्या अंदाजाने एकेक सहाशे, फार तर सातशे ग्रॅमचा. सातशे ग्रॅमचा खेकडा मी बाजारात हातात घेऊन बघितलेला आहे, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही. बिलात दोघांचं वजन लावलं २ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे ६,९६० रुपये. वजन आमच्यासमोर झालंच नाही. ट्रे दाखवला, लेकीने फोटो काढला, ट्रे आत गेला. अर्ध्या तासाने बटर-गार्लिकमध्ये बुडवलेलं मोठं ताट आलं. मी विहीणबाईंना वाढायला घेतलं, तर त्यात डेंगे, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्या, तीनच. दोन खेकड्यांचे चार डेंगे हवेत. ट्रेमधल्या दोन्ही खेकड्यांना दोन-दोन डेंगे होते, लेकीच्या फोटोत आजही दिसतात. म्हणजे एक तर दाखवलेला खेकडा वेगळा आणि शिजवलेला वेगळा, नाही तर आमच्या खेकड्याचा डेंगा दुसऱ्या कोणाच्या ताटात गेला. मी वेटरला हळूच विचारलं. ‘किचन में टूट गया होगा मॅडम’ म्हणाला. तुटला तरी ताटात यायला हवा होता.

मध्येच एक लाकडी पाटी आली, तिच्यावर छोट्या वाट्यांतून चार प्रकार मांडलेले. ‘फ्रॉम द शेफ, खास तुमच्या फॅमिलीसाठी,’ कॅप्टन म्हणाला. लेकीच्या लग्नाबद्दल अभिनंदनही केलं. फोनवर विचारलेला प्रसंग असा उपयोगाला आला. आम्ही सगळ्यांनी आभार मानले. बिलात ‘शेफ्स टेस्टिंग प्लॅटर’ १,४५० रुपये.

बिल आणलं तेव्हा कातडी पाकिटात आयटमवार बिल नव्हतंच. छोटी चिठ्ठी होती : फूड इतके, बेव्हरेज इतके, टोटल इतके. सोबत कार्डाचं मशीन, रक्कम आधीच टाकलेली. मी सविस्तर बिल मागितलं. ‘प्रिंट करतोय मॅडम’ म्हणून वेटर गेला, आणि दुसरा मशीन हातात धरून ह्यांच्या शेजारी उभाच राहिला. तेवढ्यात व्याही उठले, खिशात हात घालून म्हणाले, ‘अहो, आम्हाला द्या की आज.’ पाहुण्यांनी पाकीट काढल्यावर कुठला मराठी माणूस बिलावर हुज्जत घालत बसेल? ह्यांनी पिन दाबला. सविस्तर बिल आमच्या हातात आलं ते दारात, गाडी बोलावल्यावर. ही वेळ चुकून जमून आलेली नाही. अशा टेबलावर यजमान गप्प बसणार, याच हिशेबावर हा सगळा धंदा चालतो. अंधेरीतल्या काही क्लबांची प्रकरणं २०२४ मध्ये बातम्यांत आली होती. डेटिंग ॲपवरून ओळख झालेली मुलगी मुलाला तिथे नेते, भरमसाट मागवते आणि हजारोंचं बिल त्याच्या गळ्यात मारते. मार्ग वेगळा, पण समोर माणूस बसलेला असताना याला भाव विचारायची लाज वाटणार, हे ओळखून टाकलेला डाव तोच.

सविस्तर बिलात आणखी एक ओळ होती : ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन १०%’, २,३०५ रुपये. आणि ५ टक्के जीएसटी खाण्यावर न लावता या रकमेसकट लावलेला. इथे मात्र कायद्याची बाजू आपल्याकडे आहे, म्हणून नीट लिहिते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात धरायचा नाही, दुसऱ्या नावाने उकळायचा नाही, आणि बिलात मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम केल्या. टीप द्यायची की नाही, किती द्यायची, हे ग्राहकाने ठरवायचं. मी वेटरला टीप देतेच, हातात देते. बिलातल्या या पैशांतले किती त्या पोरांना मिळतात हे आपल्याला कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला फोन केला. त्याचं पहिलं उत्तर, ‘तुम्ही टेबलवर काहीच बोलला नाहीत.’ दुसरं, ‘मेनूवर एपीएस लिहिलेलं आहे.’ सर्व्हिस चार्जचं विचारलं तर म्हणाला, हा सर्व्हिस चार्ज नाहीच, स्टाफ कॉन्ट्रिब्युशन आहे. म्हणजे सूचनांत जे करू नका म्हटलंय तेच तो तोंडाने कबूल करत होता. मी फोनवर वाद घातला नाही. बिलाचा फोटो, खेकड्यांचा फोटो आणि कुठली रक्कम का परत हवी ते मुद्देसूद लिहून ईमेल केली. उत्तर आलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार हॉटेलकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण ईमेलला गप्प बसलेले लोक तिथून विचारणा गेल्यावर बोलायला लागले. सर्व्हिस चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि त्या लाकडी पाटीचे पैसे जीएसटीसकट, असे एकूण ३,९४२ रुपये ७५ पैसे कार्डावर परत आले.

पाण्याचे आले नाहीत, आणि ते येतील अशी आशाही ठेवू नका. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना दिलेली आहे. त्यामुळे बाटली उघडण्याआधीच ‘फिल्टरचं साधं पाणी द्या’ असं स्पष्ट म्हणायचं. उघडली की पैसे गेले. वेलकम ड्रिंकबद्दल ‘तुम्ही प्यायलात’ हे त्यांचं उत्तर.

तुम्ही घरातल्या कार्यासाठी, ज्येष्ठांच्या वाढदिवसासाठी अशा ठिकाणी जाणार असाल, तर पाहुण्यांसमोर भाव विचारायची वेळच येऊ देऊ नका. घरातल्या एकाने अर्धा तास आधी एकट्याने जावं, कॅप्टनशी बोलावं. वजनावर विकला जाणारा मासा कोणता, किती ग्रॅमला किती रुपये, ते ग्रॅमसकट वदवून घ्यावं, आणि अंदाजे बिल किती होईल ते विचारावं. जे मागवलं नाही ते टेबलावर ठेवायचं नाही, असं तेव्हाच सांगावं. वजनावर विकणाऱ्याचा काटा वैधमापन शास्त्र विभागाने तपासून मुद्रांकित केलेला असावा लागतो. ‘वजन माझ्यासमोर करा’ म्हणायला अजिबात कचरू नका. कोळीण सिटीलाइटला आपल्यासमोर काटा धरते, मग दहापट पैसे घेणाऱ्याने का धरू नये? काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा. आणि सविस्तर बिल हातात येऊन वाचून होईपर्यंत पिन दाबायचा नाही. ते काम पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर नको वाटलं तर काउंटरशी जाऊन करा. आपण उठून गेलो की मशीन घेऊन डोक्यावर उभं राहता येत नाही.

हॉटेल ऐकतच नसेल तर पैसे भरताना बिलावर ‘या रकमेस हरकत’ असं लिहून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा. नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते.

खेकड्यांच्या पैशांसाठी मी आता या ग्राहक आयोगाकडे चालले आहे. वजनाची वेगळी तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडेही दिली आहे. कागदपत्रं जुळवताना कळलं की हॉटेलचं बिल थर्मल कागदावर असतं आणि काही दिवसांत पुसट व्हायला लागतं. माझ्या मूळ प्रतीवरचं खेकड्यांचं वजन आता जेमतेम वाचता येतं. जेवून आलात की त्याच रात्री बिलाची झेरॉक्स किंवा स्पष्ट फोटो काढून ठेवा.